मामांच्या प्रेसमधला जुना ४८६ कॉम्प्युटर सापडलाय, चालू करण्याआधी काय काय बघू?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांची चिपळूणला छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल असली कामं. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, छपाईचं ट्रेडल मशीन चिखलात, कटिंग मशीन चिखलात, कागदाची रिमं फुगून दाराला आतून अडकली होती ती दार तोडूनच काढली. त्यानंतर मामांनी प्रेस बंदच केली. आता जागा विकायची ठरली म्हणून गेल्या रविवारी पोटमाळा उपसला तर ट्रंकेच्या मागे चादरीत गुंडाळलेला त्यांचा पहिला कॉम्प्युटर निघाला, आडव्या कॅबिनेटचा, वर १४ इंची मॉनिटर. पुढे टर्बोचं बटण आणि मेगाहर्ट्झचे आकडे दिसायची छोटी काच. मामा म्हणतात ४८६ डीएक्स२-६६ आहे, आठ एमबी रॅम, १९९५ ला घेतला. सोबत बुटाच्या खोक्यात साडेतीन इंची ३०-४० फ्लॉप्या.

मला तो चालू करायचाय आणि त्याचं कारण सांगते. ९६ ते ९९ च्या दरम्यान मामांनी आमच्या वाडीच्या नमनाची (कोकणातला लोकनाट्याचा प्रकार) गाणी, गण, गवळण, संकासुराचं बोलणं, सगळं दोन म्हाताऱ्या खेळ्यांकडून सांगून घेऊन ह्या मशीनवर टाइप केलं होतं. पुस्तक काढायचं होतं ते राहिलं. ते दोघंही आज नाहीत. ज्या वहीत आधी लिहून घेतलं ती वही पुरात गेली. म्हणजे असेल तर ते ह्या डब्यातच आहे.

माझा भाचा म्हणतो हार्ड डिस्क काढ आणि लॅपटॉपला लाव, बाकीचं भंगारात दे. भंगारवाला तर दोनदा येऊन गेला, त्याला वजनावर हवंय. पण मामा रोज सकाळी येऊन त्यावर हात फिरवून जातात, त्यामुळे मला तो पूर्ण चालूच करायचाय, त्यांच्यासमोर. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, स्क्रूड्रायव्हर हातात धरायला घाबरत नाही पण इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान शून्य. सरळ प्लग लावू का? की आधी काही बघायचं असतं?

---

सिरीज_लॅम्प

अगं प्लग लावू नकोस! मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरी लिहितोय, राग मानू नकोस. मी पुण्यात ३० वर्षं हीच दुरुस्ती केली आणि आता रिटायर झाल्यावर तेच छंद म्हणून करतो, घरात सध्या ११ जुनी मशीन आहेत त्यातली आठ चालू. जी तीन बंद आहेत त्यातली दोन कुणीतरी उत्साहात थेट प्लग लावल्यामुळे बंद आहेत.

सगळ्यात आधी कॅबिनेट उघड आणि मदरबोर्डवर बॅटरी शोध. त्या काळात आजच्यासारखी नाण्याएवढी बॅटरी सहसा नसायची, बोटाच्या पेराएवढी लहान पिंपासारखी, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावर थेट सोल्डर केलेली असायची. बहुतेक वेळा कीबोर्डच्या गोल सॉकेटच्या आसपास असते. २५-३० वर्षांत ती फुटतेच, आतला क्षार बाहेर येतो आणि तांब्याच्या रेषा खात सुटतो. ४८६ बोर्ड मरायचं एक नंबरचं कारण हेच, वीज नाही, धूळ नाही, ही बॅटरी. तेव्हा चालू होवो न होवो, आज संध्याकाळपर्यंत ती बॅटरी कटरनं कापून बाहेर काढ. नुसती पडून असली तरी ती रोज खातेय.

दुसरं, मागे एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लाल रंगाचं सरकतं बटण असेल, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते २३० वर आहे ना ते बघ. ११५ वर असताना आपल्याकडची लाइन दिली तर फटाका वाजतो, शब्दशः.

तिसरं, आणि हे नीट वाच. ह्या जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढचं पॉवर बटण म्हणजे खरोखरचा मेन स्विच असतो. आजच्या मशीनमध्ये बटणापाशी पाच व्होल्ट असतात, इथे थेट २३० व्होल्टची वायर मागून पुढपर्यंत आलेली असते. बटणाच्या मागच्या क्लिपांवरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. प्लग लावलेला असताना तिथे बोट घालायचं नाही. मॉनिटर तर उघडायचाच नाही, पिक्चर ट्यूबच्या मागे वीस हजारांच्या वर व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही राहतं.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावरून, म्हणजे मध्ये बल्ब जोडलेल्या बोर्डावरून. गावातल्या कुठल्याही टीव्ही रिपेअरवाल्याकडे असतो, नसला तर ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीज लावायचा, एलईडी चालत नाही. एसएमपीएस मदरबोर्डापासून सोडवायचा, त्याला लोड म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क जोडायची कारण हे सप्लाय बिनलोडचे धड चालत नाहीत, आणि मग स्विच द्यायचा. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. तेवढं झालं की मीटरनं लाल वायरवर ५ आणि पिवळ्यावर १२ व्होल्ट बघायचे. सिरीज बोर्ड फक्त ह्या तपासणीपुरता, पूर्ण मशीन त्यावर चालवायचं नाही.

परत जोडताना एसएमपीएसचे दोन लांबट कनेक्टर असतात, पी८ आणि पी९. दोन्हीच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, काळ्याला काळी. उलटं बसतं, आणि उलटं बसलं की बोर्ड गेला. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव.

---

डोंबिवली_फास्ट

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी हार्ड डिस्कबद्दल लिहितो कारण ताई तुमचा खरा खजिना तिथे आहे.

मशीन चालू करण्याआधी डिस्कची इमेज काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये. डॉस (विंडोजच्या खाली चालणारी जुनी सिस्टिम) बूट झालं की डिस्कवर काही ना काही लिहिलं जाऊ शकतं, विंडोज ३.११ तर स्वॅप फाइल लिहितंच. आणि जुन्या डिस्कचा भरवसा नाही, पहिल्यांदा फिरेल ती कदाचित शेवटचीच वेळ असेल, ती वेळ डिरेक्टरी बघण्यात घालवायची नाही.

भाचा म्हणतो तसं लॅपटॉपला यूएसबी-आयडीई केबलनं (आयडीई म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) लावून बघायला हरकत नाही पण माझा अनुभव असा की ह्या पिढीच्या डिस्क त्या स्वस्त केबलींना दिसतच नाहीत बऱ्याचदा, कारण त्या केबलींना एलबीए, म्हणजे सेक्टरला सरळ क्रमांक देणारी पद्धत, लागतं आणि जुन्या डिस्क सिलिंडर-हेड-सेक्टर ह्याच भाषेत बोलतात. नाही दिसली म्हणजे डिस्क मेली असं समजू नका!! एखादा पेंटियम ४ च्या काळातला पीसी शोधा, मदरबोर्डवर आयडीई पोर्ट असलेला, त्यावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यूनं इमेज घ्या. तो प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग वाचून घेतो आणि खराब सेक्टरवर नंतर परत येतो, मॅप फाइल दिली की मध्येच बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करता येतं. डिस्क ४०० एमबीच्या आसपास असेल, म्हणजे अख्खी इमेज आजच्या एका छोट्या व्हिडिओएवढी. तीन ठिकाणी ठेवा.

लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे छापलेले असतील त्यांचा फोटो काढा. बॅटरी गेल्यामुळे बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) सगळं विसरलेला असणार, सेटअपमध्ये टाइप ४७ म्हणजे यूझर निवडून तेच आकडे हातानं भरावे लागतात. आणि त्याच बायोसच्या मेन्यूत हार्ड डिस्क फॉरमॅट असा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका.

मी स्वतः पाच वर्षांपूर्वी एक ३८६ एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता, मालकाच्या वडिलांचे दुकानाचे हिशेब होते त्यात, आणि त्यानं "साफ करून देतो" म्हणून फॉरमॅट मारून परत दिला. तेव्हापासून डिस्क मी कुणाच्या हातात देत नाही.

---

वाशिष्ठीकाठची

बाप रे, बरं झालं विचारलं. लाल बटण २३० वरच होतं. उघडलं. बॅटरी हिरवी, आणि तिच्याभोवती निळसर पांढरे खडे जमलेत, मोरचुदाच्या रंगाचे, कीबोर्डच्या सॉकेटच्या पायांपर्यंत गेलेत. बॅटरी कापून काढली. आता साफ कशानं करू? लिंबू चालेल का, की लॅबमधलं काही वापरू?

आणखी एक, मागे प्रिंटरच्या पोर्टला एक काडेपेटीएवढा ठोकळा लावलेला होता, दोन्ही बाजूंना पिना, त्याला वायर वगैरे काही नाही. तुटलेल्या केबलचा तुकडा वाटला म्हणून काढून ठेवला. तो कशाचा?

---

बटरपेपर

तो ठोकळा कुठे आहे?? जिथे असेल तिथून आत्ता उचला आणि कपाटात ठेवा!

तो हार्डवेअर लॉक आहे, डोंगल. मी ९३ पासून नारायण पेठेत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करायचो म्हणून ठोकळा म्हटल्याबरोबर धस्स झालं. त्या काळात मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी सॉफ्टवेअर आम्ही वापरायचो आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर बहुतेक असा लॉक यायचा, प्रिंटर पोर्टला लावायचा आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. आमच्याकडे एक मशीन आणि लॉक एक असं असायचं, ऑपरेटर बदलला की पहिल्यांदा लॉक मोजून ताब्यात घ्यायचा, दुकानाच्या किल्ल्यांसारखा.

आता ह्याचा तुमच्या गाण्यांशी काय संबंध ते सांगतो, कारण नुसती डिस्क काढून लॅपटॉपला लावली की काम झालं हा भाच्याचा समज इथे उपयोगाचा नाही. मामांनी ते पेजमेकर ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपोझ केलं असणार, पेजमेकर ५ बहुधा. त्या फाइलमध्ये "क" हे अक्षर क म्हणून साठवलेलंच नसतं. युनिकोड, म्हणजे आजचा सगळीकडे चालणारा अक्षरांचा सामायिक कोड, तेव्हा वापरात नव्हतं. फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या मनानं मराठीचे तुकडे बसवले होते, काना एका जागी, अर्धा क दुसरीकडे, वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. प्रत्येकाची मांडणी वेगळी. तोच फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसतं एस, प्रश्नचिन्ह, डॉलर, कंस दिसतात आणि लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते हो, तिला वाचणारा फॉन्ट तुमच्याकडे नसतो.

म्हणून हे मशीन मूळ सॉफ्टवेअर, मूळ फॉन्ट आणि तो लॉक ह्यांच्यासकट चालू होणं फार मोलाचं आहे. एकदा पानं स्क्रीनवर दिसली की छापील प्रत काढता येते, आणि ती प्रत शेजारी ठेवून मग मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर मिळतात पण ते जोडाक्षरात चुकतात, आणि नमनातली बोली, तिथले शब्द कन्व्हर्टरच्या बापाला कळायचे नाहीत. ते मामांनाच तपासायला लागतील.

एखाद्या फ्लॉपीत डॉसमधला साधा मजकूर निघाला आणि तो जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) टाइप केलेला असला तर मात्र नशीबवान. तो इस्की ह्या भारतीय लिप्यांच्या कोडात असतो, १९९१ मध्ये त्याचं भारतीय मानक झालं, आणि युनिकोडातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे त्याचं रूपांतर जवळजवळ अक्षराला अक्षर होतं. कॅबिनेटमध्ये एखादं लांबच लांब जास्तीचं कार्ड दिसतंय का बघा.

---

सिरीज_लॅम्प

लॉकचं माझ्या लक्षात नव्हतं आलं, बटरपेपर शाब्बास.

साफसफाई. तू केमिस्ट्रीची म्हणजे तुला सांगायला नको, बॅटरीतून आलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे, अल्कली. सौम्य ॲसिडनं मारायचं. पांढरं व्हिनेगर, कानात घालायच्या काडीनं थेंब थेंब लाव, फसफसेल, थांब, पुस. लिंबू नको, रसातली साखर आणि रेषा मागे राहतात आणि चिकट होतात. लॅबमधलं तीव्र ॲसिड तर मुळीच नको, बॅटरीनं सोडलेलं तांबं ते खाईल. नंतर डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मऊ टूथब्रशनं घासायचं, दोन दिवस पंख्याखाली वाळवायचं. चिपळूणच्या हवेत चार दिवस धर.

मग भिंगानं एकेक रेषा बघ. हिरवट काळी झालेली रेष मीटरच्या बझरवर तपास, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुटली असेल तर केसासारख्या बारीक वायरनं वरून जोडायची. हे मात्र हात बसलेल्या माणसाकडूनच कर.

नवीन बॅटरी बोर्डावर लावायची नाही. बॅटरीच्या जवळ चार पिनांची एक रांग असते, बाहेरची बॅटरी लावायला, शेजारी जंपर असतो. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा वायरनं जोडून कॅबिनेटच्या भिंतीला चिकटव, म्हणजे गळला तरी बोर्डापासून लांब. काही जण जुन्या बॅटरीच्या जागी नाण्याची लिथियम बॅटरी थेट सोल्डर करतात, ते चूक आहे. ते सर्किट जुन्या बॅटरीला चार्ज करायचं म्हणून बनवलेलं आहे, लिथियमचं नाणं चार्जिंगचं नसतं, फुगतं, फुटतं. लावायचीच तर मध्ये डायोड लागतो.

रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी भाग शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं पुस आणि कुसकर झटकून परत बसव. ३० पिनांच्या लहान पट्ट्या असतील तर चारही जागी एकसारख्या लागतात, एक काढून तीनवर चालेल असं होत नाही.

---

परसातला_पीसी

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा. इथे वॉल नावाच्या गावात इन्फोएज म्हणून संग्रहालय आहे, जुन्या लष्करी रेडिओ केंद्राच्या जागेत, तिथे व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल ईस्ट भरतं. लोक टेबलं मांडून आपापली मशीन चालू करून बसतात आणि येणाऱ्याला हात लावू देतात. तिथली ॲपल २ आणि कमोडोर बघून झाली की मला दर वेळी वाटतं की आपल्या ऑफिसांतली, बँकांतली, प्रेसमधली मशीन गेली कुठे? १९८४ च्या क्लास नावाच्या सरकारी प्रकल्पात आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते, त्यावर बोट ठेवलेली अख्खी पिढी आहे, पण ते यंत्र बघायला मिळत नाही. भंगारात गेलं. ४८६ च्या सिरॅमिक प्रोसेसरला सोन्याचा मुलामा असतो म्हणून भंगारवाला तुमच्या दारात दोनदा आला ताई, त्याला प्रेसशी काही देणंघेणं नाही.

फ्लॉप्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोकणातल्या फ्लॉप्या म्हणजे बुरशी. धातूचं झाकण सरकवून आतली काळी तबकडी उजेडात फिरवून बघा, पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड त्या बुरशीवर घासतो, फ्लॉपीवर गोल ओरखडा उमटतो, तेवढा डेटा गेला, आणि हेडवर चिकटलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीला खाते. एकीमुळे दहा जातात. स्वच्छ दिसतील त्या आधी वाचा, प्रत्येकीच्या कोपऱ्यातलं खिडकीचं बटण उघडं करून, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत. वाचायला मी ग्रीझविझल नावाचं छोटं बोर्ड वापरतो, जुना फ्लॉपी ड्राइव्ह त्याला जोडून यूएसबीवर लावायचा, ते सेक्टरच्या खालचे नुसते चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं, त्यामुळे विंडोजनं "फॉरमॅट करू का" म्हणून विचारलेल्या फ्लॉपीतूनही कधी कधी मजकूर निघतो.

व्हायरसही बघा. १९९० मध्ये भारतातच सापडलेला जोशी व्हायरस बूट सेक्टरमध्ये बसायचा, ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि "हॅपी बर्थडे जोशी" टाइप केल्याशिवाय सुटायचं नाही. साताऱ्याच्या आमच्या क्लासमध्ये आम्ही दर ५ जानेवारीला सकाळी आधी सरांना विचारायचो. तेव्हाच्या फ्लॉप्यांमध्ये असले पाहुणे आजही जिवंत असतात.

---

डोंबिवली_फास्ट

एक सुचवतो, इमेज घेतल्यावर मूळ डिस्क काढून सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि मशीनमध्ये आयडीई-सीएफ ॲडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा, त्यावर इमेज लिहिली की मशीन आहे तसंच चालतं, आवाज नाही, बंद पडायची भीती नाही. फक्त त्या काळच्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही (१०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर), म्हणून मोठं कार्ड घेऊन उपयोग नाही.

आणि कॅबिनेट पिवळं पडलं असेल ना? हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं शुभ्र होतं, मे महिन्यात तर एका दिवसात.

---

बटरपेपर

सीएफ कार्डाला माझी हरकत नाही पण पिवळेपणाला हात लावू नका अशी कळकळीची विनंती. प्लास्टिक आधीच ठिसूळ झालंय, पेरॉक्साइडनं डाग डाग उठतात आणि काही वर्षांनी परत पिवळं होतंच. शिवाय ते मशीन ज्या खोलीत २५ वर्षं राहिलं तिथली ती खूण आहे. आमच्या मशीनवर लेझर प्रिंटरच्या टोनरची काळी बोटं उमटलेली होती, मी ती अजून पुसलेली नाहीत.

---

वाशिष्ठीकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पेपर तपासणी होती.

क्रमानं सांगते. लॉक सापडला, भाच्याच्या हातून मीच परत घेतला, तो त्यानं पेपरवेट केला होता. व्हिनेगरनं फसफस होऊन निळं सगळं उतरलं, खाली दोन रेषा तुटलेल्या निघाल्या, कीबोर्डच्या सॉकेटकडे जाणाऱ्याच. बाजारपेठेत एक टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, सत्तरीचे, त्यांनी भिंग डोळ्याला लावून दोन वायरी अशा जोडल्या की दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. पैसे घेतले नाहीत, म्हणाले माझ्या मुलीची पत्रिका तुझ्या मामानंच छापली होती. सिरीज बोर्ड त्यांच्याकडेच होता. बल्ब पेटला आणि मंद झाला, तेव्हा आम्ही दोघंही एकदम बोललो, "झालं!"

डिस्क यूएसबी केबलला दिसली नाही, अगदी सांगितलं होतं तस्सं. कॉलेजच्या स्टोअरमधला जुना पेंटियम ४ प्राचार्यांना विचारून घेतला. डिस्क पहिल्यांदा फिरलीच नाही, नुसती टिकटिक. रात्री मी सोडून दिलं. सकाळी परत लावली तर हळूहळू वेग घेत घेत शिटीसारखा आवाज येऊन फिरायला लागली. इमेज पूर्ण निघाली, फक्त ११ सेक्टर वाचले नाहीत. तीन प्रती केल्या, एक इथे, एक बहिणीकडे ठाण्याला, एक ऑनलाइन.

मग परवा रविवारी मामांना बोलावलं. मूळ डिस्कच लावली, सीएफ कार्ड अजून आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो शिटीचा आवाज मामांना ऐकवायचा होता. पहिल्यांदा रॅम मोजली, टक टक टक करत आकडे चढले, मग बायोसनं तक्रार केली, डिस्कचे आकडे भरले, सेव्ह केलं. मामा खुर्ची ओढून बसले ते न विचारता डब्ल्यूआयएन टाइप करून मोकळे. २५ वर्षांनी बोटांना ते आठवत होतं. लॉक लावलेला होता, पेजमेकर उघडलं, मराठी दिसलं. ४२ पानं आहेत. गण आहे, तीन गवळणी आहेत, संकासुराचं बोलणं पूर्ण आहे. दुसरी गवळण उघडल्यावर मामा थोडा वेळ वाचत होते, मला वाटलं आता काहीतरी बोलतील, तर म्हणाले "हितं 'पाणी'ला ऱ्हस्व वेलांटी पडल्ये गो," आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी ती दुरुस्त करून सेव्हपण केलं.

आता दोन प्रश्न. एक, सेव्ह केल्यावर त्या फाइलची तारीख १ जानेवारी १९८० दिसतेय, बाकीच्यांची १९९७ आहे. काही बिघडलं का? दोन, छापील प्रत काढायचीये, मामांचा लेझर प्रिंटर पुरात गेला. घरी एक जुना डॉट मॅट्रिक्स आहे, त्यावर पेजमेकरची पानं निघतील का?

---

सिरीज_लॅम्प

मुली, वाचून फार बरं वाटलं. रात्रभर थांबून सकाळी फिरली ना, ते होतं, हेड तबकडीला चिकटून बसलेला असतो.

बिघडलं काही नाही. पेन्सिल सेलचा डबा अजून जोडलेला दिसत नाही, घड्याळ बंद पडलं की डॉस १९८० पासूनच मोजायला लागतं. डबा जोड, डेट कमांड देऊन आजची तारीख घाल. तोपर्यंत मामांना सेव्ह करू देऊ नकोस.

---

बटरपेपर

जुनी तारीख आणि जुनी वेलांटी दोन्ही इमेजमध्ये शाबूत आहेत, काळजी नको.

डॉट मॅट्रिक्सवर निघतील. विंडोज ३.११ च्या कंट्रोल पॅनलमध्ये तुमच्या प्रिंटरचं नाव नसेल तर एप्सनचा नऊ पिनी ड्रायव्हर निवडा, आपल्याकडचे बरेचसे डॉट मॅट्रिक्स एप्सनच्याच कमांड समजतात. ग्राफिक्स म्हणून एकेक ओळ कोरत जाईल, एका पानाला वेळ लागेल, पण अक्षर वाचण्याइतकं स्वच्छ येतं. लॉक पोर्टलाच राहू द्या आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत लावा. रिबन वाळली असेल, नवीन नाही मिळाली तर सांगा, माझ्याकडे दोन सीलबंद आहेत, कुरिअर करतो.

---

वाशिष्ठीकाठची

रिबन वाळलीच आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. मामा विचारतायत पोस्टेज किती ते आधी सांगा.